चन्नाआत्तीची मूठ

रत्नप्रभाच्या हातात पेन्सिल आहे आणि डोळ्यांवर झोप आहे, आणि दोघींपैकी कोण जिंकणार हे तिला चांगलं कळतं आहे. मिरजेतली चैत्रातली दुपार. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकायच्या फंदात पडत नाही. टेबलावर ड्रॉइंगचा मोठा कागद पसरलेला आहे, आणि पंख्याच्या वाऱ्यानं तो उडू नये म्हणून कोपऱ्यांवर हाताला येईल ते ठेवलं आहे. इथे अडकित्ता, तिथे शाईची दौत, एकीकडे चष्म्याचं घर. तिच्या उजव्या हाताशी असलेल्या कोपऱ्यावर चन्नाआत्तीची चांदीची डबी आहे.

लिंगायत माणूस जन्मभर गळ्यात लिंग घालतो, ते ठेवायची ही डबी. घुमटासारखं झाकण, दोन्ही बाजूंना दोरा ओवायच्या कड्या. झाकण एका अंगानं चेपलेलं आहे, त्यामुळे ती उघडत नाही. उघडायची गरजही कधी पडली नाही, कारण ती रिकामी आहे. चन्नाआत्ती गेली त्यानंतर रत्नाच्या आईनं, अव्वानं, ती तिच्या हातात ठेवली आणि सांगितलं, "रिकामी हाय. आठवण म्हणून ठेव." रिकामी असून चांगली जड आहे. जुनी चांदी अशीच असते, असं रत्ना इतकी वर्षं समजत आली आहे.

कागदावर नकाशा आहे. तेरदाळे घराण्याचा कुलवृत्तांत निघतो आहे, आणि त्यात घराण्याच्या समाध्यांचा नकाशा हवा, तो रत्नानं काढायचा, कारण जन्मभर शाळेत चित्रकला शिकवून ती आता रिकामीच आहे, असं सगळ्यांचं मत. समाध्यांचं रान गावाबाहेर, ओढ्याच्या अंगाला, कुंपणापलीकडे एक जुना कडुलिंब. मिठाचे बैल हाकत आलेल्या मूळपुरुषापासून रत्नाच्या वडिलांपर्यंत सगळे तिथे आहेत. जुन्या चौथऱ्यांवर नंदी आहेत, कानडी अक्षरं आहेत, आणि त्या सगळ्यावर वेड्या बाभळीनं असं रान माजवलं आहे की गेल्या दोन पिढ्यांत तिथे कुणी वाकून बघितलं असेल अशी शंकासुद्धा येऊ नये. घराण्याचा अभिमान सगळ्यांना आहे, कोयता मात्र कुणी आणला नाही. तो रत्नानं नेला. बाभळी तोडून घेतल्या, दगड घासले, फोटो काढले, टेप लावून एकेक चौथरा मोजला. सगळं झालं आहे. एकच जागा राहिली आहे.

सकाळी मलूअण्णाचा फोन आला होता. मलूअण्णा तिचा थोरला चुलतभाऊ, कुलवृत्तांताचा संपादक, अध्यक्ष आणि प्रस्तावनेचा लेखक.

"रत्ना, नकाशा कुठवर आला?"

"झालाय. फक्त आत्ती राहिलीय."

"कोण आत्ती?"

"चन्नाआत्ती. आणि किती आत्त्या होत्या आपल्याला?"

"अगं, ती कुंपणाच्या बाहेर आहे."

"म्हणूनच विचारते. तुम्ही होता तिला माती दिली त्या दिवशी. नेमकी कुठे ते सांगा, मी खूण करते."

"आता काय आठवतंय! आणि हे बघ, लेकीबाळींची माती सासरची. एकीला घेतलं की सगळ्यांना घ्यावं लागतं. उद्या नकाशा छापायला जाईल, सुटसुटीत राहू दे."

सुटसुटीत! ज्या बाईनं मलूअण्णाचं नाक पुसलं, त्याच्या लंगोट्या धुतल्या, तो टायफॉइडनं पडला तेव्हा उशाशी बसून पेज भरवली, ती वगळली की नकाशा सुटसुटीत होतो. रत्नाला असा राग आला की फोन ठेवताना तिनं तो आपटलाच.

आत्तीला, म्हणजे चन्नव्वाला, मूल होईना म्हणून सासरच्यांनी तिला माहेरी आणून सोडलं आणि नवऱ्यानं दुसरी केली. तेव्हापासून ती माहेरी राबली. भावांच्या बायकांची बाळंतपणं, पोरांची आजारपणं, सुगीची गडीमाणसं, सणावाराच्या पंगती, सगळं तिच्या अंगावर. जेवायला ती शेवटची, आणि बहुतेक वेळा उभ्यानंच. ती वारली तेव्हा भावांना एकाएकी परंपरा आठवली. सासरी निरोप धाडला. सासरहून उत्तर आलं की नवऱ्याशेजारची जागा धाकटीनं कधीच भरली. मग भावांनी कुंपणाबाहेर खड्डा घेतला, वर दगड ठेवला नाही, आणि हात धुऊन घरी आले. दगड ठेवला असता तर हक्क सांगितल्यासारखं झालं असतं.

म्हणून रत्नाला ती जागा पाहिजे आहे. कुंपणाची रेघ ओलांडून, छापील पानावर, नावासकट. चन्नव्वा तेरदाळे, आमची आत्ती. नकाशा उद्या गेला आणि त्यात ती नसली, तर पुढे कुणी विचारणारही उरणार नाही.

अव्वाला तिनं कितीदा तरी विचारलं. अव्वा आता नव्वदीला टेकली आहे, लेकीकडेच असते. "बायका कुटं जात हुत्या तिथं?" ती म्हणते. "मला न्हाई म्हाईत. आनि नकाशातलं मला काय दिसतंय आता, डोळं गेलं." एवढं बोलून ती विषय स्वतःवर आणते. गळ्यातली डबी चाचपते, उघडून आत बोट घालून बघते, मिटते. रोज संध्याकाळी हेच. "माज्या वक्ताला लिंग हातात हाय का न्हाई ते तू सोता बग, रत्ना. दुसऱ्यावर सोडू नगंस."

"होय ग, अव्वा," रत्ना म्हणते. म्हातारपणी भक्ती वाढते, असं तिला वाटतं.

पेन्सिल घसरते.

कुंपणाची रेघ सरळ जायची ती टेबलाच्या कडेपर्यंत जाते आणि तिथून खाली उतरते. रत्ना तिच्यामागून निघते. पायाखाली ढेकळं लागतात. ऊन आहे, पण पोळत नाही. तोडलेल्या बाभळी पुन्हा उभ्या आहेत, आणि त्यांच्या मधून चन्नाआत्ती चालत येते आहे. अंगावर इरकली लुगडं, पदर कमरेला खोचलेला, कपाळावर विभूती, उजव्या हातात पाण्याचा तांब्या. डावी मूठ पांढऱ्या फडक्यानं बांधलेली आहे. ती मेलेली आहे हे रत्नाला ठाऊक आहे, आणि त्याचं तिला काही वाटत नाही. तिला एवढंच खटकतं की आत्ती अजून उभीच आहे.

"काय करालीस ग रत्ने उन्हात?"

"नकाशा करते, आत्ती."

"कशाचा?"

"ह्याचाच. समाध्यांचा."

"का? मेलेल्यांस्नी वाट चुकंल म्हणून व्हय?"

रत्ना हसते. आत्ती हसत नाही. ती कागद हातात न घेताच बघते आणि मान हलवते.

"खोल्या झ्याक काढल्यास. दारं न्हाईत."

"तू कुठे आहेस ते दाखव ना. मी तुझीपण काढते."

"चल," आत्ती म्हणते. "पर आदी ह्यांस्नी पानी वाडू दे."

बाभळी नाहीत. गावाकडच्या घराचा सोपा आहे, शेणानं सारवलेला, आणि त्यावर पंगत बसलेली आहे. तेरदाळे घराण्यात मेलेल्याला मांडी घालून बसवतात, डावा तळहात मांडीवर उताणा आणि त्यावर ज्याचं त्याचं लिंग. तसे सगळे बसले आहेत, भिंतीला पाठ लावून, रत्नाच्या नकाशाच्या क्रमानं. पहिला मिठाच्या बैलांचा सिदरामअज्जा, त्याच्या मिशांना अजून मीठ चिकटलेलं. मग चुलतअज्जे, थोरले काका, आणि शेवटच्या पानावर रत्नाचे वडील, आप्पा. बायका समोरच्या ओळीत आहेत, नवऱ्यांच्या समोर नवऱ्यांच्या बायका. प्रत्येकीच्या हातात आपापलं आहे. कुणी बोलत नाही. आप्पांच्या समोरचा एक पाट रिकामा आहे. तो अव्वाचा, हे सांगावं लागत नाही.

"चन्ने, पानी," आप्पा वर न बघता म्हणतात.

आत्ती जाते, ओतते. सिदरामअज्जा नुसतं बोट करतो. ती तिकडे जाते.

"आप्पा, आत्तीला बसू द्या की," रत्ना म्हणते. तिचा आवाज शाळेतल्या मुलीचा आहे.

"तिला कोन नगं म्हणतंय?" आप्पा म्हणतात. ते रागावलेले नाहीत. रागवायचं काही आहे हेच त्यांना माहीत नाही. "बसंल की सवडीनं."

"ऐकलंस न्हवं?" आत्ती रत्नाच्या कानाशी म्हणते. "सवड गावली म्हंजे सांगते तुला."

"तू बस. मी वाढते सगळ्यांना. बस तू."

"बसू कशी? रिकाम्या हातानं बसतंय व्हय हितं कोन?"

"मूठ तर बांधलेली आहे तुझी."

"सोडून बग."

रत्ना फडक्याची गाठ सोडते. फडकं उलगडत जातं आणि संपत नाही. हातभर, मग वावभर, मग ते टेपसारखं पिवळं होतं, त्यावर आकडे दिसायला लागतात, आणि ती मागे सरकत सरकत उलगडत राहते, तोवर पाठीला ओला दगड लागतो. न्हाणीघर आहे. पाण्याचा, शिकेकाईचा आणि राखेचा वास आहे. आत्ती पाटावर बसवलेली आहे, डोळे मिटलेले, केस ओले. तिच्यासमोर उकिडवी बसलेली अव्वा आहे, अव्वा म्हणजे त्या दिवसाची अव्वा, काळ्या केसांची, धडधाकट. तिच्या हातात चांदीची डबी आहे. ती झाकणाशी झटते आहे. नखानं, मग दातानं, मग लुगड्याच्या टोकात धरून.

ह्या घराची रीत आहे. बाई गेली की लिंग हातात द्यायचं काम न्हाणीघरात बायकाच करतात. डबीतलं लिंग काढायचं, तळहातावर ठेवायचं, मूठ फडक्यानं बांधायची, मगच देह पुरुषांच्या स्वाधीन करायचा. त्यानंतर मूठ कुणी सोडत नाही. चांदी तेवढी घरात राहते.

"काकू!" बाहेरून मलूअण्णा ओरडतो. तरुण आवाज, घाई भरलेला. "झालं काय? स्वामी खोळंबल्यात. आदीच सासरच्यांच्या निरोपात दीस गेला."

"झालं, झालं," अव्वा म्हणते. झालेलं नाही.

"अव्वा, दगडानं फोड ती!" रत्ना ओरडते. तोंडातून आवाज निघत नाही. अव्वा दाराकडे बघते, डबीकडे बघते, पुन्हा दाराकडे बघते. मग डबी कमरेला खोचते. विभूतीच्या परातीतून चिमूटभर, मग मूठभर विभूती घेते, पाण्याचा हात लावून गोळा वळते, लिंगाएवढा. तो आत्तीच्या तळहातावर ठेवते आणि भराभर मूठ बांधते. गाठ पक्की बसते.

"माज्या हातनं पडून चेपली हुती ती," आत्ती डोळे न उघडता म्हणते. "आजारपणात. मग मी नुसता वर हात ठिवून पूजा करायची. बाईच्या जातीनं सोनाराकडं न्हे म्हणून कुणाला सांगायचं?"

"पण हिनं फोडायची होती!"

"फोडली असती तर आवाज भाईर गेला असता. शेवटच्या दिवशीबी चन्नी खोळंबा करती, आसं कुनीतरी म्हनलं असतं. ती भ्याली." आत्ती जरा थांबते. "वाईट न्हवं तुजी आई. भित्री हाय. वाईट असती तर मी एवडं सोसलं नसतं, चांगली भांडले असते."

दार उघडतं. विधी करायला आलेले स्वामी आत्तीची मूठ दाबून बघतात, आत गोल काहीतरी लागतं, ते मान डोलावतात. बाहेर उचला उचला होते.

फळ्यावर नकाशा आहे. रत्ना खडू घेऊन उभी आहे, शाळेतल्या तिच्या नेहमीच्या वर्गात, आणि बाकांवर पोरं नाहीत. पुढच्या बाकावर चन्नाआत्ती गुडघे आवळून बसायचा प्रयत्न करते, बाक छोटा आहे, ती पुन्हा उठून उभी राहते. रत्नाला रडू येतं आहे. ती डस्टर घेते आणि कुंपणाची रेघ पुसायला लागते. जोरात पुसते. हात पांढरा होतो, रेघ तशीच.

"आत्ती, तू नुसती जागा सांग. मी मोठ्या अक्षरात नाव घालते. मलूअण्णाचं नाव घालत नाही एवढं मोठं घालते."

"नाव घिऊन काय करू?"

"सगळ्यांना कळेल."

"काय कळंल? चन्नी हुती म्हणून? हे कुनाला म्हाईत न्हाई? दिवसभर 'चन्ने, चन्ने' म्हणूनच हाका मारत हुती सगळी. नावाला काय तोटा न्हवता मला."

"मग तुला पाहिजे काय?"

आत्ती डावा हात पुढे करते. फडकं नाही आता. मूठ उघडते. तळहात रिकामा आहे. रेषांमध्ये तेवढी पांढरी विभूती अडकून राहिली आहे.

"गोळा पान्यानं कवाच इरगाळला," ती म्हणते. "माजं मला दे, रत्ने."

रत्ना त्या हातावर खडू ठेवते, कारण तिच्या हातात खडूच आहे.

"ह्यो खडू हाय."

ती पेन्सिल ठेवते. टेप ठेवते. घडी घातलेला नकाशा ठेवते, ज्यासाठी ती महिनोन्महिने काट्यांत वाकली. आत्ती एकेक वस्तू बघते आणि खाली पडू देते. ती चिडत नाही. दुकानात चुकीचं दाखवलं तर बाई जशी थांबते तशी थांबते.

"कागुद उडू नये म्हणून काय ठिवलंयस त्यावर?"

"डबी. तुझी. पण ती रिकामी आहे."

"कुनी सांगिटलं?"

वर्गात ऊन सरकतं. रत्नाच्या उजव्या हाताला एकदम जडपणा जाणवतो, आणि इतकी वर्षं तो जडपणा आपण कोपऱ्या-कोपऱ्यावर ठेवत आलो हे तिला उमगतं. वाण्याच्या पावत्यांवर. मुलांच्या पेपरच्या गठ्ठ्यांवर. एकदा तर उघड्या खिडकीच्या फटीत.

"अव्वाला माहीत आहे?"

"पायात बळ हुतं तवर येत हुती की ती. चोरून. लिंबापाशी उभी ऱ्हाऊन रडायची. मी खालनं म्हणायची, बाई, रडू नगंस, हात खाली घाल. तिला कुटलं ऐकू येतंय! रडून झालं की डोळं पुसून जायाची. ती मोकळी व्हायची, मी हाय तितंच."

आता वर्ग नाही, लिंबाची सावली आहे, आणि सावलीतली माती आरपार दिसते आहे. खाली एक जागा आहे, माणूस मांडी घालून मावेल एवढी, समोरच्या अंगाला दिवा ठेवायला कोनाडा. आत कुणी बसलेलं नाही. आत्ती वरच उभी आहे, काठावर, बाहेर ठेवलेल्या पाहुण्यासारखी. तिच्या पोटऱ्या सुजल्या आहेत. मुकाट उभ्या राहणाऱ्या बाईच्या पोटऱ्या कशा होतात ते रत्नानं लहानपणी बघितलं आहे, तेल लावून चोळल्या आहेत.

"काड," आत्ती म्हणते. "पाय भरून आलं ग."

रत्नाच्या हातात डबी आहे. ती चेपलेल्या बाजूला अंगठ्याचं नख घालते. निघत नाही. पंगतीतून आप्पा हाक मारतात, "चन्ने!" मलूअण्णा दाराबाहेरून ओरडतो, "झालं काय?" रत्ना म्हणते, नाही, अजून नाही झालं, थांबा सगळे, आणि ह्या वेळी तिचा आवाज निघतो. ती नख आणखी आत घालते. कळ डोक्यापर्यंत जाते. आत्तीचा उघडा हात तिच्या नाकासमोर आहे, रेषांतली विभूती दिसते आहे, आणि झाकण...

पंखा फिरतो आहे. रत्नाचा गाल कागदावर आहे, चष्मा तिरपा झाला आहे. खिडकीतलं ऊन कलून टेबलाच्या पायाशी आलं आहे. कागदाचा उजवा कोपरा सुटून वाऱ्यानं फडफडतो आहे, कारण त्यावर आता वजन नाही.

डबी तिच्या हातात आहे. तिच्या अंगठ्याचं नख मुळाजवळ तुटलं आहे आणि रक्त येतं आहे. झाकण उघडं आहे.

आत फडक्याची जुनी, पिवळी घडी आहे, आणि त्या घडीत लिंग आहे. काळं, तुळतुळीत, सुपारीपेक्षा थोडं मोठं. हाताच्या घामानं आणि रोजच्या पूजेनं जशी झळाळी येते तशी अजून आहे. रत्ना ते बाहेर काढत नाही. आपला तो हक्क नाही असं तिला वाटतं. ती डबी डाव्या तळहातावर घेऊन बसून राहते, आणि आपल्याला दुःख होतं आहे की संताप येतो आहे हे तिला ठरवता येत नाही. संतापच जास्त.

दारात काठीचा आवाज होतो. अव्वा झोपून उठली आहे.

"उटलीस व्हय? चहा टाकतीस का, मी..."

ती थांबते. डोळे गेले म्हणणारी अव्वा दारातून टेबलावरचं बघते. तिचा हात आधी स्वतःच्या गळ्याकडे जातो, डबीवर बसतो, घट्ट बसतो.

"झाकण चेपलं हुतं ग," अव्वा म्हणते.

रत्नानं अजून काहीच विचारलेलं नाही.

ती उठते. खुर्ची ओढून अव्वाला बसवते, रागात असली तरी हळूच बसवते, कारण म्हातारीची हाडं. कागद तिच्यासमोर सरळ करते, फडफडणारा कोपरा हातानं दाबून धरते आणि म्हणते, "कुठे आहे ते दाखव."

"मला काय दिसतंय आता..."

"अव्वा."

अव्वा चष्मा मागत नाही. कागदाजवळ वाकत नाही. तिचं सुरकुतलेलं बोट चौथऱ्यांच्या ओळींवरून, आप्पांच्या शेजारी सोडलेल्या रिकाम्या चौकोनावरून पुढे जातं, कुंपणाची रेघ ओलांडतं आणि लिंबाच्या उत्तरेला एका जागी जाऊन टेकतं. एकदाही चुकत नाही.

"भाकरीएवडा दगड ठिवलाय मी," ती पुटपुटते. "खूण म्हणून."

रत्ना तिथे पेन्सिल टेकवते. आत्तीनं नाव मागितलेलं नाही हे तिला आठवतं. पेन्सिलीचं टिंब तेवढं देते आणि पेन्सिल खाली ठेवते. मग मागच्या दारातलं खुरपं आणून टेबलावर, नकाशाच्या मधोमध ठेवते. अव्वा ते बघते. तिला समजतं. मिटलेली समाधी उकरत नाहीत, तेरदाळ्यांत कधी कुणी उकरलेली नाही, हे दोघींनाही ठाऊक आहे.

"उद्या जायचं," रत्ना म्हणते. "तूपण यायचं. रिक्षा सांगते मी."

अव्वा दोन्ही हातांनी गळ्यातली डबी धरून बसते. बाहेर गल्लीत कुणीतरी नळ सोडतं, बादल्यांचा आवाज सुरू होतो.

"रत्ना," ती शेवटी म्हणते, आणि तिचा आवाज लहान पोरीसारखा होतो, "माज्या वक्ताला तू..."

"आधी तिचं," रत्ना म्हणते.